मिस हॅविशमच्या घरावरचं उत्तर लिहिताना

डिकन्सच्या ‘ग्रेट एक्स्पेक्टेशन्स’ कादंबरीतल्या सॅटिस हाउसवर, म्हणजे मिस हॅविशमच्या घरावर, प्रश्न आला की हमखास एक वाक्य लिहिलं जातं: घड्याळं आठ चाळीसला बंद पडली आणि तिथला काळ थांबला. मार्क तिथेच जातात.

घड्याळं बंद पडलेली नाहीत, मिस हॅविशमने बंद केली आहेत. लग्नासाठी नटताना नवरदेव काँपेसनचं लग्न मोडणारं पत्र हातात पडलं, ती ही वेळ. एक बूट पायात, दुसरा टेबलावर, हे सगळ्यांना पाठ असतं. आता आठवं आणि अकरावं प्रकरण पेन्सिल घेऊन वाचा आणि जे जे बदललंय त्यावर खूण करा. पांढरा पोशाख पिवळा पडलाय. भरल्या अंगावर चढवलेला तो आता हाडांवर लोंबतोय. लग्नाच्या केकमधून कोळी ये-जा करताहेत, भिंतीमागे उंदीर पळताहेत. कुजायला वेळ लागतो. म्हणजे काळ चालूच आहे, थांबलाय तो फक्त काटा. उत्तर या विसंगतीवर उभं करा.

पैसाही थांबलेला नाही. उन्हाला दार बंद, वकील जॅगर्सला उघडं. नायक पिपच्या लोहारकामाच्या उमेदवारीचे २५ गिनी इथूनच जातात, पुढे त्याचा मित्र हर्बर्टसाठी ९०० पौंडही. बाविसावं प्रकरण तर गाळूच नका: बापाची ब्रुअरी (बिअरचा कारखाना), सावत्र भाऊ आर्थर, त्याचा हिस्सा भरमसाट किमतीला तिच्या गळ्यात मारणारा काँपेसन. फक्त प्रेमभंग लिहिलात तर ही फसवणूक सुटते. गाईडमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात, म्हणून गाईड शेवटी उघडावं असं माझं ठाम मत आहे. तयार नोट्स उतरवून देणाऱ्यापेक्षा ‘हे कुठल्या पानावर आहे?’ असं विचारणारे सर किंवा मॅडम शोधा.

ब्रुअरीत गळफास लागलेली मिस हॅविशम पिपला दोनदा दिसते. ते भूत नाही, भास आहे. एकोणपन्नासाव्या प्रकरणात याच भासामुळे तो ती ठीक आहे ना हे बघायला परत वर जातो, आणि तेव्हाच तिचे कपडे पेट घेतात.

५९ प्रकरणं बघून घाबरू नका. कादंबरी डिसेंबर १८६० पासून ऑगस्ट १८६१ पर्यंत दर आठवड्याला छापून येत होती, त्यामुळे प्रकरणं आटोपशीर आहेत. या प्रश्नापुरती ८, ११, २२, ३८, ४९ आणि ५९ नीट वाचलीत तरी भक्कम उत्तर होतं. इंग्रजी अडलं तर मोठ्याने वाचा, वाक्य कुठे वळतं ते कानाला कळतं.

शेवटाबद्दल लिहिताना जपून. छापील शेवटात घर पाडलेलं आहे, बागेची भिंत तेवढी उरलीय, आणि पिप व मिस हॅविशमची दत्तक मुलगी एस्टेला तिथे भेटतात. कादंबरीकार मित्र बुलवर-लिटनच्या सल्ल्यावरून डिकन्सने बदललेला हा शेवट आहे. आधीच्या शेवटात ती भेट लंडनला पिकॅडिलीत होते आणि सॅटिस हाउसची जागा त्यात येतच नाही.