साके चाखताय? या चुका टाळा

हिरोशिमाजवळच्या साईजोत स्टेशनावर उतरलं की साकेचे, म्हणजे तांदळापासून बनणाऱ्या जपानी दारूचे, कारखाने चालत जाण्याइतके जवळ आहेत. विटांची उंच धुराडी, पांढऱ्या भिंती. भारतातून आलेल्या पाहुण्यांना मी तिथं नेतो आणि दर वेळी त्याच चुका बघतो.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे आकड्यावरून साके निवडणं. बाटलीवरचा ‘सेइमाइबुआई’ म्हणजे तांदूळ घासून झाल्यावर दाण्याचा किती भाग उरला, तो टक्का. गिंजो या प्रकाराला ६० किंवा त्याहून कमी, त्याच्या वरच्या दाइगिंजोला ५० किंवा कमी. आकडा जितका लहान तितकी किंमत साधारणपणे जास्त, पण म्हणून चव तुमच्या ताटाला जुळेलच असं नाही. पुण्याच्या एका मित्राने हट्टाने ३५ टक्क्यांची दाइगिंजो घेतली आणि रात्री दोतेनाबेबरोबर उघडली. दोतेनाबे म्हणजे मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या पेस्टच्या, दाट रश्शात शिजवलेली कालवं. मिसोपुढे दाइगिंजोचा खरबुजासारखा नाजूक वास पहिल्याच घोटात नाहीसा झाला. ‘एवढे पैसे कशाचे घेतात?’ म्हणून तो वैतागला. मग मी तिथलीच ७० टक्क्यांची साधी जुनमाई (वरून अल्कोहोल न मिसळलेली साके) गरम करून दिली. मिसोशी ती अशी जमली की दाइगिंजो तशीच राहिली. दाइगिंजो आधी, नुसती, थंड प्या; रस्सा आला की जुनमाई.

गरम करायची म्हणजे मायक्रोवेव्ह नाही. त्यात तोक्कुरीच्या, म्हणजे साकेच्या अरुंद गळ्याच्या सुरईच्या, गळ्याशी चटका आणि तळाशी कोमट, असं होतं. दोन मिनिटं वाचवायला साकेचा सत्यानाश कशाला? पातेल्यात पाणी उकळा, गॅस बंद करा, तोक्कुरी गळ्यापर्यंत बुडवा. मी अधूनमधून बाहेर काढून तळाला बोट लावतो. छान गरम लागलं की झालं. ४०–४५ अंश पुरे. उकळू तर अजिबात देऊ नका.

नामाझाके, म्हणजे तापवून निर्जंतुक न केलेली साके, गाडीत किंवा कपाटात ठेवू नका. तिच्यातली विकरं (एन्झाइम) सक्रिय असतात, उन्हाळ्यात लवकर चव बिघडते. फ्रिजची सोय नसेल तर विकतच घेऊ नका.

चाखायला जाताना अत्तर लावू नका.

शॉटसारखी एका दमात ढोसू नका. साधारण १५–१६ टक्के अल्कोहोल असतं, आणि इथल्या पाण्याची गोष्ट त्या घाईत कळतच नाही. १८९८ साली आकित्सू गावचे साके बनवणारे मिउरा सेन्झाबुरो यांनी मृदू पाण्यातून साके बनवण्याची पद्धत मांडली. अशा पाण्यात खनिजं कमी, त्यामुळे यीस्ट संथ चालतं; त्यांनी कोजी (तांदळावर वाढवलेली बुरशी) नीट मुरू दिली आणि आंबवण कमी तापमानावर सावकाश होऊ दिलं. हिरोशिमाच्या साकेचा मऊपणा तिथून आला. तो जिभेवर यायला घोट क्षणभर तोंडात फिरवावा लागतो. मधेमधे साधं पाणी प्या. साईजोत काही कारखान्यांच्या दारातच विहिरीचं पाणी प्यायला ठेवलेलं असतं. मी पाहुण्यांना आधी ते देतो, मग साके.