ओढ्यात मासे परत हवेत? मग या चुका टाळा

दर मे महिन्यात कुणाचा तरी फोन येतोच. "काका, नदी साफ करायचीय, पोरं तयार आहेत, जेसीबीही मिळतोय." जेसीबी म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. प्लास्टिक काढा, निर्माल्य काढा, पण तळातल्या दगडगोट्यांना हात लावू नका. थंड मुलखात सॅल्मन आणि ट्राउटची मादी शेपटीने खडीत खळगा करून अंडी घालते. खडीच्या फटींतून पाणी खेळतं म्हणून अंडी जगतात, बारीक गाळ बसला की गुदमरतात. तिथले लोक ट्रकने खडी आणून नदीत टाकतात. आपण ट्रकने काढून नेतो! आपले मासे वेगळे, पण आडोसा त्यांनाही लागतोच.

दुसरी चूक माझी स्वतःची. मुंबईत आरेतल्या एका ओढ्यावर डिसेंबरात आम्ही मातीच्या पोत्यांचा बंधारा घातला. पाणी साचलं, फोटो निघाले, कौतुक झालं. मेअखेर पोती काढायची होती. "पाऊस लांबलाय, पुढच्या रविवारी बघू," असं करत राहिलो. मृगाची पहिली मोठी सर आली आणि वळगण, म्हणजे अंडी घालायला माशांचं प्रवाहाविरुद्ध चढणं, सुरू झालं. पोटात अंडी घेऊन चढणारे मळे, शिंगट्या असे मासे बंधाऱ्यावर आपटून खाली पडत होते. खाली पोरं बादल्या घेऊन उभी. चिखलात बसून आम्ही कोयत्याने पोती फाडली, तोवर दोन बादल्या भरल्या होत्या. तेव्हापासून २५ मेला पोती फाडतोच, ओढ्यात पाणी असो वा नसो.

मासे विकत आणून सोडू नका. तिलापिया १९५२ साली भारतात आणला, आज तो कुठल्याही डबक्यात सापडतो. गप्पी नको, घरच्या टाकीतला काच चाटणारा मासा तर मुळीच नको.

काठाला भिंत नको. २६ जुलै २००५ च्या मुंबईतल्या पुरानंतर या विषयावर बोलून घसा बसलाय.

सावलीला करंज, उंबर लावा. गुलमोहर बागेत ठेवा.

"किती दिवसांत मासे दिसतील?" असं विचारणाऱ्याला मी जूनमध्ये रात्री टॉर्च घेऊन बोलावतो. अजून कुणी आलेलं नाही.

आणि पाणी काळं असेल तर यातलं काहीच करू नका. एप्रिलच्या उन्हात ओढ्याकाठाने चाला. तेव्हाही ज्या पाइपातून पाणी पडतं, ते सांडपाणीच. मी असे पाइप वहीत टिपतो, शेजारची खूण लिहितो आणि यादी वॉर्ड ऑफिसात देऊन पोच घेतो.