हनुकाचे दिवे कसे लावावेत, आणि का

कोकणातल्या बेने इस्रायल या ज्यू समाजाला गावोगाव 'शनिवार तेली' म्हणत. घाण्यावर तेल गाळणारे, पण शनिवारी घाणा बंद ठेवणारे लोक. गंमत अशी, की ज्या सणाची सगळी कथा तेलाभोवती फिरते, तो हनुका या तेल्यांना शतकानुशतके ठाऊकच नव्हता. त्याचे कारण पुढे येईल. आधी तयारी.

पायरी १ : तिथी पाहा
हनुका ज्यू पंचांगातल्या किस्लेव महिन्याच्या २५ तारखेला सुरू होतो आणि आठ दिवस चालतो. ज्यू महिना आपल्यासारखाच अमावास्येनंतर सुरू होतो, म्हणजे हा सण वद्य दशमी-एकादशीच्या सुमारास, काळोख्या रात्रींत येतो. दिवस मात्र सूर्यास्तापासून मोजतात. २०२६ मध्ये पहिला दिवा ४ डिसेंबरच्या संध्याकाळी लागेल.

पायरी २ : दिवे मांडा
हनुकाच्या दीपदानाला नऊ जागा असतात : आठ रात्रींचे आठ, आणि नववा 'शमाश', म्हणजे सेवक. जेरुसलेमच्या मंदिरातला मेनोरा, म्हणजे तिथले दीपदान, सात शाखांचा होता. चित्रांत या दोघांची नेहमी गल्लत होते. दीपदान नसेल तर पणत्या चालतात. आठ पणत्यांची जागा एका सरळ ओळीत, एका उंचीवर ठेवा आणि शमाश थोडा उंच किंवा बाजूला. एकाच उघड्या ताटात तेल ओतून भोवती वाती लावू नका. ज्योती एकमेकींत मिसळल्या की तो दिवा राहत नाही, शेकोटी होते. ऑलिव्हचे तेल उत्तम मानतात, पण नीट जळणारे कुठलेही तेल चालते, मेणबत्त्याही चालतात.

हे सगळे कशासाठी?
इ.स.पू. १६७ च्या सुमारास जेरुसलेमवर अँटिओकस चौथा या ग्रीक वळणाच्या सेल्युसिड राजाची सत्ता होती. त्याने शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, पाळण्यावर आणि सुंतेवर बंदी घातली, मंदिरात झ्यूसची पूजा सुरू केली. मोदीइन गावचा पुरोहित मत्तथिया आणि त्याचे पाच मुलगे उठले. त्यांतल्या यहुदाला 'मक्काबी' म्हणत. या नावाचा अर्थ बहुधा हातोडा. इ.स.पू. १६४ मध्ये त्याने मंदिर परत मिळवले, वेदी नव्याने बांधली आणि २५ किस्लेवला तिचे समर्पण केले. 'हनुका' म्हणजे समर्पणच.

तेलाची गोष्ट सर्वांना ठाऊक असते : मेनोरा पेटवायला महायाजकाची मोहोर शाबूत असलेली एकच कुपी सापडली, एका दिवसाचे तेल आठ दिवस पुरले. पण मक्काबींच्या जुन्या इतिहासग्रंथांत ही कथा नाही. ती शतकांनंतरच्या तालमूद या ज्यू धर्मग्रंथात येते. मला यात विसंगती वाटत नाही. लढाई जिंकणाऱ्यांचे वंशज पुढे राजे झाले आणि आपसांत भांडून संपले. धर्मपंडितांनी आठवण ठेवायला तलवार नव्हे, कुपी निवडली.

आता शनिवार तेली. त्यांची परंपरा सांगते की याच अँटिओकसच्या काळात पूर्वज पळाले, अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी गलबत फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. निघाले तेव्हा मंदिराचे समर्पण व्हायचेच होते, मग सण कुठून ठाऊक असणार? इतिहासकारांना हा काळ मान्य असतोच असे नाही, पण हनुका त्यांच्याकडे उशिरा, बाहेरच्या ज्यूंशी संबंध वाढल्यावर आला, हे खरे.

पायरी ३ : पेटवा
पहिल्या रात्री एकच दिवा, सर्वांत उजवीकडे. दुसऱ्या रात्री त्याच्या डावीकडे दुसरा. ठेवायचे उजवीकडून, पेटवायचे मात्र डावीकडून : आजचा नवा दिवा आधी. जुन्या धर्मपंडितांपैकी शम्माईच्या पंथाचे मत होते की आठपासून उतरत एकवर यावे. हिल्लेलच्या पंथाचे म्हणणे, पवित्र गोष्टीत वाढ करावी, घट नव्हे. हिल्लेलचे मत टिकले. आठ रात्रींचे मिळून दिवे होतात ३६, शमाश धरून ४४.

आधी शमाश लावा, आशीर्वाद म्हणा आणि मग शमाशने बाकीचे लावा. आशीर्वाद दोन, पहिल्या रात्री 'शेहेहेयानु' हा तिसरा, आम्हाला या दिवसापर्यंत जगवलेस म्हणून.

शुक्रवारी हनुकाचे दिवे शब्बाथच्या दिव्यांच्या आधी लावायचे, कारण शब्बाथ लागला की आग पेटवता येत नाही. म्हणूनच २०२६ ची पहिलीच रात्र जपून : ४ डिसेंबर शुक्रवार आहे. सूर्यास्तापूर्वी लावा आणि दीड तास पुरेल इतके तेल घाला. शनिवारी उलट, शब्बाथ सुटल्यावर.

पायरी ४ : नुसते बघा
दिवे दाराशी किंवा खिडकीत ठेवतात, चमत्कार चारचौघांना दिसावा म्हणून. जिवाला धोका असेल तर आत टेबलावर ठेवले तरी पुरे, अशी सूट तालमूदनेच दिली आहे. अंधार पडल्यावर निदान अर्धा तास ते जळावेत. त्या उजेडात वाचायचे नाही, हरवलेली किल्ली शोधायची नाही. कामाचा उजेड लागलाच तर तो शमाशचा. म्हणून तर नववा दिवा.

पायरी ५ : तळा
तेलाचा सण म्हणून तळण. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या घरी बटाट्याचे लाटके, इस्रायलमध्ये जॅम भरलेले सुफगनियोत. बटाटाभजी केलीत तरी तेलाचा मान राहतोच. फक्त ज्यू पाहुणे असतील तर मांस आणि दूध एका जेवणात आणू नका.

आठव्या रात्रीनंतर पणत्यांत तेल उरले, तर ते स्वयंपाकघरात परत नेऊ नका. ते जाळूनच संपवायचे असते.