वॉटरप्रूफ मेटल डिटेक्टर ओल धरतोय? या चुका टाळा

विसर्जन झालं की दरवर्षी फोन येतात. मूर्तीच्या गळ्यातली सोन्याची कंठी काढायची राहिली, नाहीतर पाण्यात उतरताना बोटातली अंगठी गेली, दादा जरा मशीन घेऊन या की. दोन वर्षांमागं असाच खानापूरला मलप्रभेच्या घाटावर गेलो, तासाभरात अंगठी मिळाली, त्या ताईंना रडू आवरेना. आणि घरी येऊन बघतोय तर डिस्प्लेच्या काचेला आतून बारीक बारीक थेंब. मशीन वॉटरप्रूफ, पाणी जेमतेम गुडघाभर, तरी हे कसं?

चूक माझीच होती. मशीन बेळगावपासून डिकीत, बाहेर कडक ऊन, आणि उतरल्या उतरल्या ते तापलेलं मशीन तसंच पाण्यात घातलं. बंद डब्यातली गरम हवा एकदम थंड झाली की आकसते, आतला दाब पडतो आणि डबा बाहेरचं पाणी ओढायला बघतो. समजा 50 अंशावरून 25 वर आलं तर दाब साधारण 8 टक्क्यांनी पडतो, म्हणजे पाऊण मीटर जादा खोल पाण्यात बुडवल्यासारखंच झालं. आता मी घाटावर गेलो की मशीन पहिल्यांदा सावलीत अर्धा तास ठेवतो, लोक कितीही घाई करू देत.

पण नुसत्या दाबानं पाणी आत येत नाही, त्याला वाट लागते. बॅटरीच्या झाकणाची रबरी रिंग काढून मोबाईलच्या टॉर्चखाली धरली तेव्हा ती वाट दिसली, मोहरीच्या निम्म्यानं असेल असा वाळूचा एकच कण आणि त्याच्याखाली रबरावर पडलेला खळगा. एवढं पुरतं! झाकण उघडलं की दर वेळी रिंग आणि ती बसते ती खाच दोन्ही मऊ कापडानं पुसा, केस, धागा, माती काही राहू देऊ नका, चीर दिसली तर रिंग बदला. ग्रीस कंपनीनं सांगितलंय तेच लावायचं आणि तेही बोटाला चमक येईल इतकंच, बरेच जण घरातलं व्हॅसलीन थापतात पण काही रबरं त्यानं फुगतात आणि धूळ चिकटते ती वेगळीच. आणि नदीकाठावर ओल्या हातानं झाकण उघडूच नका, बॅटरी घरूनच भरून न्या.

आकड्यांवरही जरा थांबा. मशीनवर आयपी लिहून पुढं आकडा असतो, धूळ-पाणी किती अडतं ते सांगणारा. आयपी 67 म्हणजे 1 मीटर खोल पाण्यात 30 मिनिटं, आयपी 68 ची खोली कंपनी स्वतः सांगते, मायनलॅब कंपनीचा इक्विनॉक्स 800 हा 3 मीटरचा आणि 900 हा 5 मीटरचा. ही चाचणी साध्या स्थिर पाण्यातली आहे, गाडी धुवायच्या प्रेशर पंपाचा मारा त्यात येत नाही. चिखल निघत नाही म्हणून सर्व्हिसिंगवाल्याकडं पंप मारून घेतात, असं करू नका, बादलीत बुडवून हातानं धुवा. गॅरेट कंपनीच्या एटी प्रोसारखं मशीन 3 मीटरपर्यंत चालतं पण त्याच्यासोबत येणारा हेडफोन पाण्यात घालायचा नाही, हे खूप जणांना माहीतच नसतं.

चोर्ला घाटातून गोव्याच्या बीचवर नेत असाल तर गाडीत गोड्या पाण्याचा कॅन ठेवा, खारं पाणी वाळलं की मीठ चार्जिंगच्या पिनांवर बसतं आणि पिना खातं. दांडा सुटा करून आतनं धुवा, कॉइलचं, म्हणजे जमिनीवर फिरवायच्या चकतीचं, कव्हर काढून खालची वाळू काढा, नाहीतर खोटे आवाज येत राहतात. (हलशी, बेळगावचा किल्ला असल्या संरक्षित जागी मशीन नेऊच नका, तो वेगळाच विषय आहे.)

सगळ्यात जास्त मशीनं मात्र घरातच खराब होतात. आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंतीसुद्धा घाम धरतात, त्यात ओलं मशीन बॅगेत घालून चेन लावली की संपलंच, कारण जे रबर बाहेरचं पाणी अडवतं तेच आतली ओल कोंडून ठेवतं. पंख्याखाली एक रात्र वाळवा, बॅटरी काढा, मग घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल, म्हणजे ओल शोषणारे दाणे, घालून ठेवा. नारिंगी दाणे हिरवे पडले की ओव्हनमध्ये 120 अंशाला तास-दोन तास तापवले की परत कामाला येतात. निळे दाणे स्वयंपाकाच्या भांड्यात नकोत, त्यात कोबाल्ट असतं. तांदळात पुरायचा उपाय सोडा, पीठ तेवढं स्पीकरच्या जाळीत जातं.

काचेला आतून धुकं आलंच तर लगेच बंद करा, चार्जिंगला लावू नका, हेअर ड्रायर मारू नका, सुईनं जाळी टोचू नका. बॅटरीचं झाकण उघडं टाकून सिलिकाच्या डब्यात ठेवा. पूर्ण सीलबंद मशीन असेल आणि दोन-तीन दिवसांनीही धुकं जात नसेल तर स्क्रू न खोलता सर्व्हिस सेंटरला द्या. माझी काच चौथ्या दिवशी साफ झाली, तोवर बॅटरी घातली नव्हती.