नेवाडाच्या गेमिंग बोर्डावरच्या सदस्याची पार्श्वभूमी कशी वाचावी

अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात गेमिंगवर, म्हणजे कॅसिनो-जुगारावर, लक्ष ठेवणाऱ्या दोन संस्था आहेत; आधी संस्था नीट ओळखा. गेमिंग कंट्रोल बोर्ड 3 पूर्णवेळ सदस्यांचं, तर गेमिंग कमिशन 5 अर्धवेळ सदस्यांचं. हमखास गल्लत इथेच होते. मग बोर्डाच्या सदस्याचा परिचय राज्याच्या कायद्यातलं कलम 463.040 शेजारी ठेवून वाचा. अध्यक्षाला प्रशासनाचा किमान 5 वर्षांचा अनुभव, नाहीतर व्यवस्थापनाचं व्यापक कौशल्य लागतं. दुसरी जागा आकडेवाल्यांची: सीपीए (परवानाधारक लेखापाल), नाहीतर वित्त, अर्थशास्त्र किंवा गेमिंगचा जाणकार. तिसरी तपास, पोलीस, कायदा किंवा गेमिंगमधली.

‘प्रदीर्घ अनुभव’ एवढ्यावर भुलू नका. पद, खातं, साल शोधा. माजी पोलीस अधिकारी गस्तीवर होता की आर्थिक गुन्हे शाखेत, हे पाहाच. कॅसिनोतला काळा पैसा गल्लीत नव्हे, कागदांत सापडतो.