हेमकुंडला एका दिवसात जाऊन यायचंय? तयारी आणि सॅक अशी भरा

उत्तराखंडातलं घांगरिया गाव ते हेमकुंड साहिब हा सरोवराकाठचा शीख गुरुद्वारा, हे अंतर फक्त ६ किलोमीटर. सह्याद्रीत नियमित फिरणारा माणूस हा आकडा पाहून निर्धास्त होतो आणि तिथेच फसतो. घांगरिया आहे सुमारे ३०५० मीटरवर आणि हेमकुंडचं सरोवर ४१०० मीटरच्याही वर. म्हणजे सहा किलोमीटरांत हजार-अकराशे मीटर चढ. बारी गावातून कळसूबाईला चढ यापेक्षा थोडाच कमी आहे, पण कळसूबाईचं शिखर १६४६ मीटरवर संपतं आणि महाराष्ट्रात त्याहून उंच जागाच नाही. त्यामुळे पायांचा सराव इथे होतो, विरळ हवेचा होत नाही. हेमकुंडला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के असतो. दर श्वासाला ऑक्सिजनही त्याच प्रमाणात मिळतो.

आधी दिवस मोजा, मग कपडे

सर्वांत गरजेची वस्तू सॅकमध्ये मावत नाही. ती म्हणजे एक जादा दिवस. पुण्या-मुंबईहून विमानाने डेहराडूनला उतरून धावतपळत तिसऱ्या दिवशी हेमकुंड गाठणाऱ्यांचंच डोकं वर गेल्यावर धरतं. क्रम असा ठेवा: एक रात्र जोशीमठला (सुमारे १९०० मीटर), दुसऱ्या दिवशी गोविंदघाटहून गाडीने पुलना आणि तिथून साधारण १० किलोमीटर चालत घांगरिया. तिसऱ्या दिवशी फुलांची घाटी (व्हॅली ऑफ फ्लॉवर्स) आणि चौथ्या दिवशी हेमकुंड. घाटीतली पायवाट साधारण साडेतीन हजार मीटरपर्यंत जाते. दिवसभर तिथे फिरून रात्री खाली घांगरियाला झोपलं की शरीराला उंचीची ओळख होते. बरेच जण उलटं करतात, ‘आधी अवघड उरकू’ म्हणून. तसं करू नका. पावसाळ्यात दरडी कोसळून बद्रीनाथचा रस्ता बंद पडतो, त्यासाठी परतीच्या तिकिटाआधी आणखी एक दिवस मोकळा हवा.

उंचीचा त्रास टाळण्यासाठी डायमॉक्सची गोळी घ्यायची की नाही, हे निघण्याआधी डॉक्टरांना विचारा. सल्फा औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगा. या गोळीने लघवी जास्त होते, बोटांना मुंग्या येतात. माहीत नसेल तर माणूस घाबरतो. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर विचारल्याशिवाय निघूच नये.

सहा आठवड्यांचा सराव

आठवड्यातून चार दिवस जिने किंवा टेकडी, पाठीवर पाच किलो घेऊन. वेग असा ठेवा की पूर्ण वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. चढण्याइतकंच उतरण्याकडेही लक्ष द्या, कारण हेमकुंडहून परतताना गुडघेच बोलतात.

याच काळात बूट पायात मुरवा. नवे बूट थेट हिमालयात नेऊ नयेत हे सगळ्यांना ठाऊक असतं. माळ्यावर चार-पाच वर्षं पडून राहिलेल्या बुटांबद्दल मात्र कुणी बोलत नाही. अशा बुटांचा मऊ सोल दमट हवेने आतून कुजतो आणि वर धड दिसत असूनही चालता चालता अख्खा सुटून येतो. निघण्याआधी दोन-तीन ट्रेक त्याच बुटांनी करा.

अंगावर काय

उंची दर हजार मीटरने वाढली की तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. त्यात जुलै-ऑगस्टचा पाऊस आणि वारा. सुती बनियन आणि जीन्स दोन्ही घरी ठेवा. घामाने ओली झाली की वाळत नाहीत आणि थांबल्यावर अंग गारठवतात. आत लवकर वाळणारा टी-शर्ट, त्यावर फ्लीसचं (हलक्या ऊबदार कापडाचं) जाकीट, सगळ्यात वर पाणी न शिरणारं जाकीट. पोंचो (डोक्यातून घालायचा सैल रेनकोट) स्वस्त पडतो, पण वाऱ्यात डोक्यावर येतो आणि पायरी दिसेनाशी होते. चालायला सुरुवात करताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. सुरुवातीलाच ऊब वाटली तर पंधरा मिनिटांत घामाघूम व्हाल.

लोकरीचे हातमोजे पावसात कुचकामी. त्यांच्यावर भांडी घासायचे मोठ्या मापाचे रबरी मोजे चढवले की काम भागतं. दिसायला विनोदी, पण हात सुके राहतात.

सॅक भरताना

२० ते २५ लिटरची सॅक पुरते; पाण्यासकट वजन पाच किलोच्या पुढे जाऊ देऊ नका. नुसत्या रेनकव्हरवर विसंबू नका, कारण पाणी पाठीवरून आणि पट्ट्यांवरून आत झिरपतं. सॅकच्या आत कचऱ्याची जाड मोठी पिशवी घाला आणि सगळं सामान तिच्यात भरा.

तळाला जास्तीचं गरम जाकीट आणि मोज्यांचा सुका जोड. पाठीला लागून पाणी, दोन लिटर, दोन बाटल्यांत विभागून. सर्वांत वर रेनकोट, कारण पाऊस आल्यावर तो शोधायला वेळ नसतो. टोपी, गॉगल, सनस्क्रीन, टॉर्च, शिट्टी, औषधं आणि रोख पैसे वरच्या कप्प्यात. फोन थंडीत पटकन उतरतो, म्हणून तो आणि पॉवर बँक आतल्या खिशात, अंगाजवळ.

डोकं झाकायला एक रुमालही घ्या, गुरुद्वारात लागतो. तिथे बूट काढावे लागतात, आणि ओल्या मोज्यांनी त्या गार फरशीवर उभं राहिलात की पुढचा अर्धा तास दात वाजतात. तळाशी ठेवलेले सुके मोजे तेव्हासाठी.

खाऊ सॅकमध्ये नको, खिशात हवा. उंचीवर भूक मरते, आणि सॅक उतरवायचा कंटाळा आला की माणूस खातच नाही. गुळपापडी, चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. पाऊण तासाला एक घास, भूक असो-नसो. तेलकट पुऱ्या, फरसाण टाळा, वर मळमळतं. ओआरएसची एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच घाला. अर्ध्या बाटलीत ओतली तर तहान उलट वाढते. वर लंगरात गरम खिचडी आणि चहा मिळतो, म्हणून डब्याचं ओझं नको.

प्रत्यक्ष चढताना

पहाटे पाच-साडेपाचला निघा. चढायला चार-पाच तास, उतरायला तीन. हेमकुंडला मुक्कामाची परवानगी नसते आणि दुपारी ढग दाटतात, त्यामुळे एक वाजता पाठ फिरवायची असं आधीच ठरवून टाका. जूनमध्ये अटलाकोटीजवळ वाटेवर बर्फ असतो. तिथे काठी टेकत, एकेक जण जा. शेवटी पायऱ्यांचा जवळचा पण उभा रस्ता फुटतो. दमला असाल तर लांबच्या वळणांनीच जा.

डोकं दुखतंय, मळमळतंय, तर आणखी वर जायचं नाही. पॅरासिटामॉल घेऊन चढत राहणं ही नेहमीची चूक. गोळी दुखणं झाकते, उंचीचा त्रास घालवत नाही. पाऊल अडखळत असेल, बोलणं विस्कळीत होत असेल किंवा बसल्या बसल्या धाप लागत असेल तर ताबडतोब खाली, सोबत कुणीतरी असायलाच हवं. ऑक्सिमीटरचा आकडा चांगला आला म्हणून वर थांबून राहू नका. गारठलेल्या बोटावर तो वाटेल ते दाखवतो.

उतरण्यापूर्वी बुटांच्या नाड्या घोट्याजवळ आवळा, बोटांपाशी जरा सैल. नाहीतर बोटं पुढे आदळून नखं काळीनिळी पडतात. घांगरियाला पोचल्यावर ओल्या बुटांत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि तासाभराने बदला. शेगडीजवळ ठेवू नका, सोलचा गोंद सुटतो, आणि दुसऱ्या दिवशी पुलन्यापर्यंत १० किलोमीटर त्याच बुटांनी उतरायचं असतं.