इंटरप्रिटर क्रॅश होतोय? पॅच पाठवण्याआधी या चुका टाळा

दिवसा महापे-ऐरोलीत कंपनीचं काम आणि रात्री घरी सीपायथनचा, म्हणजे सी भाषेत लिहिलेल्या मूळ पायथन इंटरप्रिटरचा, सोर्स उघडून बसणारे बरेच जण आहेत. त्यांच्या पहिल्या पॅचमध्ये एक गोष्ट हमखास सापडते: जीडीबी या डीबगरने ज्या ओळीवर बोट ठेवलं, तिथेच पॉइंटर नल (रिकामा) आहे का याची तपासणी. पण क्रॅश जिथे दिसतो, तिथे बग असेलच असं नाही.

सीपायथन प्रत्येक ऑब्जेक्टचे रेफरन्स, म्हणजे त्याच्याकडे बोट दाखवणारे दुवे, मोजतं. आकडा शून्यावर आला की ऑब्जेक्ट जातो. पायलिस्ट-गेटआयटम (PyList_GetItem) हे सी फंक्शन लिस्टमधला घटक देतं, पण उसना. मोजणी वाढत नाही. समजा, पहिला घटक असा हातात धरून तुम्ही पायलिस्ट-सेटआयटमने दुसरा बदललात. जुना दुसरा घटक मरताना त्याची डेल (__del__) मेथड चालते, आणि तिने लिस्टमधून पहिलाच काढून टाकला तर? तुमच्याकडचा पॉइंटर मोकळ्या झालेल्या मेमरीकडे बोट दाखवतो. क्रॅश होतो तो नंतर, प्रिंट करताना वगैरे. तिथे नल तपासून काय मिळणार? पॉइंटर नल नाहीच! घटक घेतल्या घेतल्या पाय-इन्क्रेफ करा (मोजणी एकने वाढते), काम संपलं की पाय-डेक्रेफ (एकने कमी होते). पायथन 3.13 पासून पायलिस्ट-गेटआयटमरेफ आलंय, ते मालकीचा रेफरन्स देतं. नव्या कोडमध्ये मी तरी तेच वापरेन.

याचीच सख्खी बहीण: स्ट्रक्टमधल्या फील्डवर आधी पाय-डेक्रेफ, मग त्यात नल. मधल्या क्षणी डेल चाललं की त्याला जुनाच पॉइंटर दिसतो. पाय-क्लिअर हा क्रम बरोबर सांभाळतं.

‘माझ्या लॅपटॉपवर होत नाही’ म्हणून बग बंद करू नका. 512 बाइटपर्यंतची मेमरी पायमॅलॉक (सीपायथनचा मेमरी वाटणारा भाग) स्वतःच्या साठ्यातून देतं, त्यामुळे मोकळी झालेली जागा बऱ्याचदा वाचताही येते आणि मेमरीच्या चुका पकडणाऱ्या अ‍ॅड्रेससॅनिटायझरला कळत नाही. पायथनमॅलॉक (PYTHONMALLOC) या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला malloc ही किंमत देऊन मगच चालवा. सॅनिटायझरसह पूर्ण टेस्ट सूट सावकाश चालतो. जेवायला बसण्याआधी लावून ठेवलेला बरा.

रिकर्शनची (फंक्शनने स्वतःलाच पुन्हा बोलावण्याची) मर्यादा 1000 वरून वाढवून क्रॅश ‘सोडवणं’ तर उलटंच आहे. पायथन 3.12 पासून ती मर्यादा फक्त पायथन कोडला लागू होते; सी स्टॅक वाचवण्यासाठी वेगळी सोय आहे.

टेस्ट लिहिलीत तर दुरुस्ती काढून ती एकदा चालवा. ती क्रॅश झाली नाही, तर तिचा उपयोग नाही. आणि ती वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवा, नाहीतर कोसळताना अख्खा टेस्ट रन सोबत घेऊन जाईल.